हे मान्य आहे

खानापूरला, स्टेशनच्या रस्त्यावर
मी मोबाइलच्या दुकानात असते.
काच बदलणे, चार्जिंगची पिन, नवं सिम,
आणि पाटीवर न लिहिलेलं एक काम:
लोकांच्या वतीनं 'मान्य आहे' दाबणे.

"तूच दाब की बाई, मला काय कळतंय,"
म्हणतात नंदगडचे, जांबोटीचे,
पहिल्या बसनं आलेले कणकुंबीचे.
गिरणीत दळणाचा डबा ठेवावा
तसा फोन ठेवून बाजाराला जातात.
सहा वर्षांत अर्ध्या तालुक्यानं
माझ्या ह्या अंगठ्यानं होकार दिलाय.

आमच्याकडे पाट्यांवरून बैठका होतात.
कुठलं अक्षर वर, कुठलं खाली,
कुठलं किती बोटं उंच.
मालकांनी दुकानाची पाटी दोनदा रंगवली.
आणि ही हातातली पाटी,
ना कानडी ना मराठी,
मुंगीएवढ्या अक्षरांची,
ढकलत गेलं तरी न संपणारी,
हिच्यासाठी कधी कुणी जमलं नाही.

भरमाण्णा कडोलकरांना नुसती टॉर्च हवी होती.
रात्री मोटर सुरू करायला जातात, वाटेत जनावर असतं.
टॉर्चनं त्यांचे फोटो मागितले,
ओळखीपाळखीची नावं मागितली.
मी देऊन टाकली.
ते हसले, "उजेडाला माझं काय बघायचंय?"

द्रौपदा हुंदरे काजूच्या कारखान्यात सोलायला जाते.
लेकाच्या फीला पाच हजार कमी पडत होते.
सोसायटीत दोन जामीनदार लागतात,
अ‍ॅपनं एकही मागितला नाही.
परवानगी मागितली फक्त.
मी दाबलं: हे मान्य आहे.

दोनशे चौदा जामीनदार गेले,
एकालाही न विचारता.
कुंदावाला. सेंट्रिंगचा मिस्त्री. नेसरीची मावशी.
लेकाच्या कानडी टीचर.
आणि एक नाव, नुसतं 'हे'.

नवऱ्याचं नाव तिनं एकदाच घेतलेलं,
लग्नात, उखाण्यात, तोंडाशी पदर धरून.
माणूस जाऊन चार वर्षं झाली.
नंबर पुसला नव्हता.

हप्ता आठ दिवस चुकला
आणि फोन वाजायला लागले, तिचा सोडून सगळ्यांचे.
मावशीचा. मिस्त्रीचा. टीचरचा.
'हे'चासुद्धा.
तो नंबर आता गोकाकच्या कुणा बसप्पाकडे.
तुझ्या बाईनं पैसे बुडवले म्हणून
त्याला हिंदीत शिव्या बसल्या.
त्यानं धमकीतला नंबर लावून बघितला.
द्रौपदाच्या फोनवर उजळलं: हे.

दोनदा वाजू दिला, म्हणाली.
तिसऱ्यांदा उचलला, बोलले काही नाही.
पलीकडून, "यारु री?"
बाजारापुरतं कानडी येतं तिला.
"नान री," म्हणाली.
मी.
थोडा वेळ दोघंही गप्प.
मग तोच म्हणाला, "अंजब्याड्री अक्का,"
भिऊ नका.

दुसऱ्या दिवशी दुकानात आली.
माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.
"ते नाव त्यांच्याकडनं परत आणता येतंय काय?"
मी सेटिंग धुंडाळलं.
खातं बंद करायचं बटण सापडलं, सातव्या पानावर.
परत द्यायचं बटण नव्हतं.
कंपनीला लिहिलं. मिनिटभरात उत्तर:
'आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे.'
शुद्ध मराठीत. एक वेलांटी चुकलेली नाही.
म्हणजे इतके दिवस त्यांना मराठी येत होतं.

आता मी आधी वाचते, मोठ्यानं,
दोन्ही भाषांत, जमेल तसं.
कोण काय मागतंय, कशाला मागतंय,
आणि कशाला ते लिहिलेलंच नाही, हेही.
मालक म्हणतात, गिऱ्हाईक तुंबतंय.
तुंबतंय खरं.
भरमाण्णांनी टॉर्च काढायला लावली,
शेजारून सेलची बॅटरी घेतली.

पोलिसांत द्यायचा अर्ज मीच लिहीत होते.
नंबर पूर्वी कोणाच्या नावावर होता, ह्या ओळीला थांबले.
द्रौपदानं दुकानभर नजर फिरवली,
माझ्या हातातलं पेन काढून घेतलं,
तळहाताचा आडोसा केला
आणि सावकाश, अक्षर अक्षर,
स्वतः लिहिलं.

मी काउंटरवरची काच पुसत राहिले,
तिचं लिहून होईपर्यंत.